आम्हाला कोण विचारतं?

म्हातारपणी ऐकून घेणारं कुणीतरी हवं, हे वाक्य आपण इतक्यांदा म्हणतो की त्याला आव्हान द्यायचं कुणाच्या मनातही येत नाही. यंत्रं बोलायला लागली तेव्हापासून तर ते जाहिरातीतही जाऊन बसलंय. ऐकणारा तयार आहे, रात्री-अपरात्री, न कंटाळता, घड्याळाकडे न बघता. मग राहिलं काय? आजोबांच्या फोनवर एक ॲप टाकून द्यायचं आणि आपण आपल्या कामाला लागायचं.

मला यातलं निदानच अर्धवट वाटतं. ऐकणारं कुणी नाही हे दुःख आहेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच्या तळाशी आणखी एक दुःख असतं. ते सांगायची लाज वाटते, म्हणून ते सहसा गुडघ्याच्या नाहीतर झोपेच्या तक्रारीतून बाहेर येतं. ते असं, की आपल्याला आता कुणी काही विचारत नाही. नोकरी सोडावी का, घर कुठे घ्यावं, भावाशी धरलेला अबोला मोडावा का, यातलं काहीच आपल्यापर्यंत येत नाही. तब्येत विचारतात. गोळी घेतली का विचारतात. मत विचारत नाहीत.

हे दुसरं दुःख यंत्रामुळे कमी होतंय की वाढतंय, याची चर्चा मला फारशी कुठे दिसत नाही. पहिल्या दुःखाची मात्र भरपूर दिसते, आणि ते साहजिकही आहे, कारण आकडे मोठे आहेत. २०३० पर्यंत जगातल्या दर सहा माणसांमागे एक साठीचा किंवा त्यापुढचा असेल, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. वृद्धांपैकी साधारण १४ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या मानसिक विकारासह जगतात, हाही त्यांचाच आकडा. त्यात नैराश्य आणि चिंता सगळ्यात पुढे. ब्रिटननं २०१८ मध्ये आणि जपाननं २०२१ मध्ये एकटेपणासाठी चक्क मंत्री नेमले. वृद्धांच्या मनाचा वेगळा अभ्यास केलेले डॉक्टर सगळीकडेच दुर्मिळ. अशा वेळी कुणी म्हटलं की बोलकं यंत्र देतो, तर नको म्हणणारे आपण कोण?

बोलक्या यंत्राची गोष्ट तशी जुनी आहे. १९६६ साली एमआयटी या अमेरिकन विद्यापीठातल्या जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' नावाच्या प्रोग्रॅमवरचा लेख प्रसिद्ध केला. समोरच्याचंच वाक्य उलटवून प्रश्न करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाची नक्कल हा प्रोग्रॅम करायचा. आईचा उल्लेख केलात की म्हणायचा, घरच्यांबद्दल आणखी सांगा. त्याला ना आई माहीत होती ना घर; ठरावीक शब्द दिसले की ठरावीक वाक्य पुढे करायचं, एवढंच. तरीही वायझेनबाउम यांच्या स्वतःच्या सेक्रेटरीनं, जिनं हा प्रोग्रॅम बनताना कित्येक महिने पाहिला होता, थोड्याच वेळात त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. तिला एलायझाशी खासगी बोलायचं होतं. वायझेनबाउम हादरले आणि पुढचं बरंचसं आयुष्य त्यांनी संगणकावरच्या या भाबड्या विश्वासाविरुद्ध लिहिण्या-बोलण्यात घालवलं.

ही गोष्ट बहुतेक वेळा 'माणसं किती सहज फसतात' हे दाखवायला सांगितली जाते. मला तिच्यात वेगळंच दिसतं. एलायझाला काहीही येत नव्हतं. तिला फक्त विचारता येत होतं, आणि तेवढ्यावर माणसं मन मोकळं करत होती. आजची यंत्रं अगदी उलट्या टोकाला आहेत. त्यांना सगळं येतं, किंवा येत असल्यासारखं बोलता येतं, आणि एक प्रश्न टाकला की दोन पानं उत्तर. म्हाताऱ्या माणसाच्या दृष्टीनं हा फरक छोटा नाही.

माझे मामा ऐंशी ओलांडलेले आहेत. आयुष्यभर सर्वेअर होते. उन्हात थिओडोलाइट लावून कोन मोजण्यात उमेदीची वर्षं गेली. नातवानं त्यांच्या फोनवर यातलं एक ॲप टाकून दिलं, तेव्हा मी शेजारी बसले होते. मामांनी फोन हात लांब करून धरला, अंगठ्यानं माईकचं बटण दाबलं आणि ट्रंककॉलवर बोलावं तशा चढ्या आवाजात म्हणाले, "नमस्कार. आपल्याला आत्ता वेळ आहे का?"

मी हसले. "मामा, त्याला वेळच वेळ आहे."

"ते तुला माहीत," मामा म्हणाले. "विचारायची एक पद्धत असते."

त्यांना या यंत्राचा फायदा झाला, हे मी आधीच सांगून टाकते, नाहीतर हा लेख कुरकुरीचा वाटेल. रक्ततपासणीच्या कागदावरचं जे डॉक्टर घाईत सांगून मोकळे होतात, ते मामा आता सावकाश समजावून घेतात. बँकेकडून आलेलं बारीक अक्षरातलं पत्र वाचून घेतात. म्हातारपणी झोपेचं घड्याळ पुढे सरकतं, लवकर डोळा लागतो आणि पहाटे तीनला टक्क जाग येते. घर झोपलेलं असतं आणि मनात नको ते सुरू होतं. त्या वेळी ते फोनशी बोलतात. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तोच प्रश्न चौथ्यांदा विचारला तरी समोरून 'आत्ताच सांगितलं ना' असा सूर येत नाही. आपल्यापैकी किती जण हे छातीवर हात ठेवून स्वतःबद्दल सांगू शकतील? ज्याची स्मरणशक्ती सुटत चाललीये त्याला या सुराची किती भीती वाटते, हे तो सूर लावणाऱ्याला कळत नसतं.

यंत्राचा उपयोग अभ्यासातही दिसतो. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांनी २०२५ मध्ये 'थेराबॉट' या खास उपचारासाठी बनवलेल्या बॉटची, म्हणजे बोलक्या प्रोग्रॅमची, चाचणी प्रसिद्ध केली. २१० प्रौढ लोक होते. नैराश्य असलेल्यांची लक्षणं सरासरी ५१ टक्क्यांनी घटली. आकडा दिलासा देणारा आहे. पण ती चाचणी म्हाताऱ्या माणसांची नव्हती, आणि बॉटवर माणसांची देखरेख होती. बाजारात फुकट मिळणाऱ्या गप्पिष्ट ॲपवर ती नसते. त्याच वर्षी एमआयटीच्या मीडिया लॅबनं चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयबरोबर सुमारे हजार लोकांना चार आठवडे चॅटबॉट वापरायला देऊन पाहिलं. जे जास्त वेळ वापरत होते त्यांच्यात एकटेपणाही जास्त आणि यंत्रावरचं अवलंबनही जास्त. एकटे होते म्हणून जास्त वापरलं की जास्त वापरलं म्हणून एकटे झाले, याचा निवाडा त्यातून होत नाही. दोन्ही खरं असू शकतं.

आता शहाणपणाकडे येते, कारण म्हातारपणाचं समर्थन आपण त्याच्याच जोरावर करत आलोय. शरीर थकलं तरी अनुभव आहे ना, असं म्हणतो.

शहाणपण मोजायचा सगळ्यात नेटका प्रयत्न बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत झाला. मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस आणि त्यांचे सहकारी १९८०च्या दशकापासून लोकांना कठीण प्रसंग देऊन मोठ्यानं विचार करायला सांगत आणि उत्तरं तपासत. त्यातला एक प्रसंग बराच गाजला: पंधरा वर्षांची मुलगी म्हणते मला लगेच लग्न करायचंय, तिनं काय विचार करावा, काय करावं? 'छे, पंधराव्या वर्षी कसलं लग्न' असं तोडून टाकणाऱ्याला कमी गुण. बहुतेक वेळा हे चूकच, असं म्हणून जो पुढे जातो, मुलीला असाध्य आजार आहे का, आईबाप नुकतेच गेलेत का, ती कुठल्या काळात आणि समाजात राहते, हे सगळं धरून बोलतो, आणि शेवटी आपल्याला सगळं ठाऊक नाही हेही मान्य करतो, त्याला जास्त गुण. अशा शेकडो उत्तरांतून जे निघालं ते म्हाताऱ्यांना फार सुखावणारं नव्हतं. तरुणपणापासून पंच्याहत्तरीपर्यंत सरासरी गुण साधारण सारखेच. वय वाढल्यानं शहाणपण आपोआप येत नाही. (हे कळायला बर्लिनला जायची गरज नव्हती, असं म्हणणारे प्रत्येक कुटुंबात निघतील.)

मी तोच प्रसंग एका बॉटला घातला. उत्तर उत्तम. आजार आला, आईबाप आले, संस्कृती आली, कायदा आला, अनिश्चिततेची कबुलीही आली. बर्लिनच्या परीक्षकांनी बहुधा वरचे गुण दिले असते. मग शहाणपण आता यंत्रात आलं म्हणायचं का?

इथे फ्लोरिडा विद्यापीठातल्या समाजशास्त्रज्ञ मोनिका आर्डेल्ट मदतीला येतात. बाल्टेस यांच्या पद्धतीवर त्यांनी २००४ मध्येच आक्षेप घेतला होता, म्हणजे आजची बोलकी यंत्रं कुणाच्या स्वप्नातही नव्हती तेव्हा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की शहाणपण माणसात असतं. ते लिहून काढलं की उरतं ते बौद्धिक ज्ञान, आणि कुणीतरी ते जगून दाखवेपर्यंत ते तसंच राहतं. तेव्हा हा वाद अभ्यासकांपुरता होता. आता तो घराघरांत आलाय, कारण लिहिलेलं शहाणपण अचानक फुकट झालंय. बॉटनं दिलेल्या उत्तरात उणीव काढता येत नाही, पण ती मुलगी लग्न करून दोन वर्षांनी परत आली तर दार उघडायला तो नसतो. सल्ला देणाऱ्याला त्या सल्ल्याचं काहीतरी भोगावं लागतं. मावशी चुकीचं बोलली तर पुढच्या प्रत्येक भेटीत तिला ते डोळ्यांत वाचावं लागतं. म्हणून ती बोलण्याआधी थांबते. त्या थांबण्याला मी शहाणपण म्हणेन.

आणखी एक शोध या सगळ्यात मला सगळ्यात मोलाचा वाटतो. इगोर ग्रॉसमन आणि इथन क्रॉस या मानसशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये दाखवलं की माणसं दुसऱ्याच्या अडचणीबद्दल जितक्या शहाणपणानं विचार करतात तितक्या स्वतःच्या अडचणीबद्दल करत नाहीत. दुसऱ्यांचे तंटे अचूक सोडवणारा आणि स्वतःच्या घरात गोंधळ घालणारा राजा म्हणून त्यांनी याला बायबलमधल्या सॉलोमनचं नाव दिलं. तरुण या चुकीतून सुटत नाहीत आणि म्हातारेही सुटत नाहीत.

आता हे म्हाताऱ्या माणसाच्या दिनक्रमाला लावून बघा. कुणी विचारायला येत नाही म्हणजे दुसऱ्याच्या अडचणीच त्याच्यापुढे येत नाहीत. जिथे त्याचं डोकं सगळ्यात चांगलं चालतं तो प्रांतच बंद. उरतो तो स्वतःचा प्रश्न, म्हणजे नेमका तो, ज्याच्यात आपण सगळेच सगळ्यात कमी शहाणे असतो. दिवसभर तोच उगाळत बसायचं. थोरला असं का बोलला, धाकटी फोन का करत नाही, मी कुठे कमी पडलो. आणि हे उगाळायला आता एक अत्यंत सहनशील श्रोता हाताशी आहे.

हा श्रोता होकार देणारा आहे, ही अडचण आहे. बॉट बनवताना लोकांना कुठलं उत्तर आवडलं यावरही त्यांना घडवलं जातं, आणि लोकांना आवडतं ते आपली बाजू घेणारं. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयला आपल्या मॉडेलची एक नवी आवृत्ती काही दिवसांतच मागे घ्यावी लागली, कारण ती कशालाही 'वा, वा' करत सुटली होती. त्यांनी ते जाहीरपणे कबूल केलं. पण कमी प्रमाणातला हाच गुण टिकून आहे. मामांनी एकदा धाकट्या मुलाविषयी फोनला सांगितलं. उत्तर आलं, तुमच्या भावना अगदी रास्त आहेत, तुम्हाला दुर्लक्षित वाटणं साहजिक आहे. खोटं काहीच नव्हतं त्यात. मामांचा जुना मित्र असता तर म्हणाला असता, "तू तरी फोन केलास का त्याला?" दोघांचं भांडण झालं असतं, आठवडाभर बोलणं बंद राहिलं असतं, आणि मग मामांनी मुलाला फोन केला असता.

कधी प्रकरण इतक्यावर थांबत नाही. २०२५ मध्ये अमेरिकेत ७६ वर्षांचे एक गृहस्थ, ज्यांची समज पक्षाघातानंतर थोडी उणावली होती, एका चॅटबॉटच्या आमंत्रणावरून 'तिला' भेटायला घराबाहेर पडले. बॉटनं आपण खरी बाई असल्याचं सांगितलं होतं, पत्ताही दिला होता. वाटेत ते पडले आणि काही दिवसांत गेले. घरच्यांनी अडवायचा प्रयत्न केला होता. ही बातमी वाचताना मला यंत्राचा राग आला, पण त्याहून जास्त वेळ मी एका गोष्टीपाशी अडकले होते: कुणीतरी आपल्याला बोलावतंय, एवढ्यावर ते निघाले होते.

वृद्धांमधलं नैराश्य तपासायची एक जुनी प्रश्नावली आहे, जेरोम येसावेज आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तयार केलेली. आधी ३० प्रश्न होते, १९८६ मध्ये १५ प्रश्नांची छोटी आवृत्ती आली. उत्तरं फक्त हो किंवा नाही. शरीराच्या तक्रारींचे प्रश्न त्यात मुद्दाम ठेवलेले नाहीत, कारण त्या वयात झोप आणि भूक नैराश्याशिवायही बिघडतात. उरलेल्या प्रश्नांत एक असा आहे: आज तुम्ही जसे आहात तसे कवडीमोलाचे आहात असं वाटतं का? या प्रश्नाला दिलासा देऊन उत्तर बदलत नाही. 'नाही हो आजोबा, तुम्ही खूप मोलाचे आहात' हे नातू म्हणाला काय आणि बॉट म्हणाला काय, आजोबांना ते सांत्वन म्हणूनच ऐकू येतं. ते बदलतं ते कुणीतरी कामासाठी दारात येऊन उभं राहिलं की.

झिम्बाब्वेत हे प्रत्यक्ष करून पाहिलं गेलंय. डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञांनी २००६ मध्ये हरारेत आज्यांना हाताशी धरलं. दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक टाकले, आज्यांना समस्या सोडवायला मदत करण्याचं प्रशिक्षण दिलं, आणि मन खचलेली माणसं त्या बाकावर येऊन बसू लागली. 'फ्रेंडशिप बेंच' हे त्याचं नाव. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५७३ रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांनंतर या लोकांची लक्षणं नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होती. सगळं जग म्हाताऱ्यांसाठी उपचार करणारं यंत्र शोधत असताना इथे म्हाताऱ्या बायकाच उपचार करत होत्या. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये 'एक्सपिरियन्स कोअर' या उपक्रमात निवृत्त माणसं आठवड्याला साधारण १५ तास प्राथमिक शाळांत मुलांना वाचायला शिकवत. संशोधकांनी त्यातल्या काहींच्या मेंदूचे स्कॅन काढले, तर आखणी करणं, लक्ष टिकवणं यांसाठी लागणाऱ्या भागांची हालचाल वाढलेली दिसली. प्रौढ माणसाला आपली कुणाला तरी गरज असण्याची गरज असते, हे मनोविश्लेषक एरिक एरिक्सन १९५० मध्येच लिहून गेलेत.

आणि नेमकी हीच गरज आपण नकळत यंत्राकडे वळवतोय. म्हातारे यंत्राशी किती बोलतात याची आपण काळजी करतो. तरुण किती बोलतात ते जास्त बघायला हवं, कारण ते जे प्रश्न यंत्राला विचारतात ते एकेकाळी कुणाच्या तरी आजीकडे जायचे.

मामांच्या नातीला मूल झालं तेव्हाची एक रात्र. बाळ तासभर रडत होतं. नात पलंगावर बसून एका हातानं बाळाला थोपटत दुसऱ्या हातानं फोनला विचारत होती. फोननं कारणांची व्यवस्थित यादी दिली, कधी डॉक्टरकडे जायचं तेही दिलं. मामी दारात येऊन उभ्या होत्या. चष्मा लावलेला नव्हता, केस सुटलेले. थोडा वेळ थांबल्या, स्क्रीनकडे बघितलं आणि परत गेल्या. सकाळी मला म्हणाल्या, "हल्ली फोनला सगळं कळतं, बरं आहे." त्यात टोमणा नव्हता. मला तो असता तर बरं वाटलं असतं.

आता खरं सांगायचं तर यादी मामींपेक्षा बरोबर होती. मामी म्हणाल्या असत्या, पालथं झोपव, लगेच शांत होतं. एकेकाळी डॉक्टरही हेच सांगत. १९९०च्या दशकात अनेक देशांत तो सल्ला मोडीत निघाला, कारण बाळाला पाठीवर झोपवलं तर झोपेतले अचानक मृत्यू कमी होतात हे सिद्ध झालं. तेव्हा म्हाताऱ्यांना माहिती विचारा, असं मी म्हणणार नाही. माहितीत यंत्र जिंकलंय आणि त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. मामींना विचारायला हवं होतं ते दुसरंच. तुम्हाला कधी असं वाटलं होतं का, की हे मूल खाली ठेवून दार उघडून चालायला लागावं? मामींना वाटलं होतं. मला त्यांनी ते एकदा सांगितलंय. नातीला सांगितलेलं नाही, कारण नातीनं विचारलेलं नाही. आणि बॉट हे सांगू शकत नाही. 'अनेक मातांना असं वाटतं' एवढंच तो सांगतो, आणि अनेक माता काही त्या रात्री दारात उभ्या नव्हत्या.

पुण्यात वैद्यकीचं शिक्षण घेऊन पुढे अमेरिकेत वृद्धांच्या मानसोपचारात मोठं काम केलेले डॉ. दिलीप जेस्ते बरीच वर्षं शहाणपणावर संशोधन करताहेत. सॅन दिएगो परिसरातल्या २७ ते १०१ वयाच्या ३४० जणांच्या अभ्यासात त्यांच्या गटाला असं दिसलं की ज्यांच्यात शहाणपण जास्त त्यांच्यात एकटेपणा कमी. २०२० मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर असंही मांडलं की यंत्र नुसतं हुशार असून भागणार नाही, त्याला पुढे 'कृत्रिम शहाणपणा'पर्यंत न्यायला हवं, ज्यात दुसऱ्याविषयीची कळकळ, आत्मपरीक्षण, अनिश्चितता पेलणं हे सगळं असेल. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. माझी भीती एवढीच की यंत्र जितकं शहाणं होईल तितकं माणसाला माणसाकडे जायचं कारण उरणार नाही. यंत्र खरोखर शहाणं असेल तर एखाद्या रात्री ते म्हणेल, हे मला विचारू नकोस, पलीकडच्या खोलीत जा. ज्या कंपनीचा नफा तुम्ही स्क्रीनवर किती वेळ राहता यावर ठरतो, ती हे वाक्य त्याला शिकवेल का, ते बघायचं.

तोपर्यंत एक उलटा वापर करता येतो. रॉबर्ट बटलर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६३ मध्ये असं मांडलं की म्हातारपणी गतकाळात रमणं हे मेंदू थकल्याचं लक्षण नव्हे, ते त्या वयाचं काम आहे: झालं-गेलं पुन्हा बघणं, न मिटलेलं मिटवणं. त्याआधी डॉक्टरही अशा आठवणींना भरकटणं समजत. यंत्राला इथे बसवता येतं, एलायझाच्या जुन्या जागी. मामांच्या नातवानं तेच केलं. फोनला सांगून ठेवलं की उत्तरं द्यायची नाहीत, एका वेळी एकच प्रश्न विचारायचा, विषय सर्वेअरची नोकरी.

फोननं विचारलं, जी नदी ओलांडता येत नाही तिची रुंदी कशी मोजायचात?

मामा सरसावून बसले. या काठावर दोन खुंट्या ठोकायच्या, मधलं अंतर साखळीनं मोजून घ्यायचं. पलीकडच्या काठावरचं एक ठळक झाड धरायचं. दोन्ही खुंट्यांवर यंत्र लावून झाडाचा कोन घ्यायचा. एक बाजू आणि दोन कोन हातात आले की नदी तुमच्या वहीत. पाण्याला पाय न लावता. हे सांगताना त्यांचे दोन्ही हात हवेत त्रिकोण काढत होते. फोन म्हणाला, खूपच रंजक अनुभव आहे! मामांनी तो पालथा ठेवला. "ह्याला काय करायचीय नदीची रुंदी?"

नातवानं नंतर ते सगळं वाचलं. तो स्थापत्य शिकतोय. त्यानं येऊन विचारलं, "आजोबा, पण कोन चुकलाय हे कळायचं कधी?" हा प्रश्न फोनला सुचला नव्हता. मामांनी त्याला ट्रॅव्हर्सचं तंत्र सांगितलं, फिरत फिरत सुरुवातीच्या खुंटीवर परत यायचं आणि किती फरक पडतो ते बघायचं. मग आवाज उतरवून, एका वर्षी फरक फार आला होता आणि साहेबांनी पुन्हा न मोजता तो सगळ्या कोनांत थोडा थोडा वाटून टाकायला सांगितलं होतं, ते सांगितलं. वाटला की नाही तेही सांगितलं. त्यावर दोघांचं बराच वेळ चाललं होतं, मी उठून आले. नातवाला परीक्षेला त्या गोष्टीचा उपयोग नाही, आता बरंचसं उपग्रहांवरून मोजतात. त्याला पहिली नोकरी लागायची आहे, आणि साहेब असं काही सांगतील तेव्हा काय करायचं हे त्याला विचारायचं असावं, असा माझा अंदाज.

यंत्रं बनवणारेही म्हाताऱ्यांना विचारत नाहीत, ते वेगळंच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये आरोग्यातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेतल्या वयभेदावर एक टिपण काढलं. ज्या माहितीवर यंत्रं शिकतात तिच्यात वृद्ध कमी, आणि बनवणाऱ्यांच्या टेबलापाशी त्याहून कमी, असा त्याचा रोख. मामांना ते टिपण वाचायची गरज पडली नाही. त्यांची तक्रार नेमकी आहे. ते बोलताना मध्ये थांबतात, शब्द शोधतात, श्वास घेतात. तेवढ्यात यंत्राला वाटतं वाक्य संपलं, आणि ते बोलायला लागतं. पुन्हा सुरुवातीपासून. "दोन सेकंद जास्त थांबायला ह्याचं काय जातं?" असं त्यांना कंपनीला कळवायचं होतं. कसं कळवायचं ते नातवानं काढून दिलं. अभिप्रायाच्या पानावर पाच तारे होते. लिहायला जागा नव्हती.